वैशालीच्या तलावावर तीन दिवस

हे लिहायला फार उशीर झाला, माफ करा. मागच्या वेळी "लेकीकडे तलावावर निघालो आहे" एवढंच लिहून मी गप्प बसलो. तिघाचौघांनी विचारलं, अण्णा, गेलात का, रस्ता कसा आहे, आम्हालाही पाखरं बघायची आहेत. गेलो होतो. येऊन दोन महिने झाले. लिहायला बसलं की एका ठिकाणी अडत होतो. आज तेही लिहून टाकतो. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा चूक दिसली तर पोटात घाला.

माझी लेक वैशाली जनावरांची डॉक्टर. पण गाई-म्हशी सोडून ती रानपाखरांच्या आजारांवर काम करणाऱ्या टीममध्ये आहे. यंदा पाऊस झाला नाही, तळी आटली. उरलेल्या डबक्यांवर पाखरं दाटीनं उतरतात आणि काही तिथंच मरतात. ती कशानं मरतात हे ही माणसं शोधतात. इकडे अंबाजोगाईला आमच्या दूध संघात डॉक्टरची जागा रिकामी झाली. त्याच संघात मी तीस वर्षं दूध मोजायला आणि तपासायला होतो. चेअरमन म्हणाले, "पोरीला विचारा, सोमवारपर्यंत जागा धरून ठेवतो." तिची टीम इथलं काम आटोपून दोन वर्षांसाठी आसामला निघणार होती. फोनवर हे विचारायचा धीर होईना. तिची आई गेल्यापासून घरात मी एकटाच आहे. गुरुवारी निघालो.

साडेसहाची एसटी धरायची होती. स्टँडवर पोचलो आणि गॅस बंद केला की नाही ते आठवेना. परत घरी जाऊन पाहिलं, बंद होता. तोवर गाडी गेली. आठची मिळाली. केज, नेकनूर करत मांजरसुंब्याला दोन तास धरून चाला. माझ्या वयाला तिकीट अर्धं. मांजरसुंब्याला उतरलात तर रबडी खा. मी चमचा उलटा करून पाहिला, घसरत नव्हती, म्हणजे दूध नीट आटवलेलं. वैशालीसाठी अर्धा किलो बांधून घेतली. पुढे लिंबागणेशपर्यंत काळी-पिवळी जीप, तीस रुपये. चौदा माणसं होती. रबडी सांडेल या भीतीनं मी खिडकीबाहेर बघितलंसुद्धा नाही.

गणपतीचं दर्शन घेतलं. काय मागितलं ते सांगायला नको. तिथून पाझर तलाव तासाभराच्या पायी वाटेवर. पाणी घरूनच न्या, वाटेत कुणाकडे मागायला जीव होत नाही. दारादारांसमोर टँकरची वाट बघत रिकामी पिंपं रांगेत ठेवलेली असतात. निम्म्या घरांना कुलपं, माणसं ऊस तोडायला गेलेली.

तलाव म्हणजे भेगा पडलेली काळी माती आणि मधे पाण्याचा एक तुकडा. बांधाजवळ लिंबाखाली दोन तंबू. मी लांबच थांबलो. एक उंच माणूस काठीला जाळं गुंडाळत होता. हा गहिनीनाथ, जवळच्याच वस्तीवरचा. दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जायचा, यंदा पाखरं धरायला या टीमकडे राहिला.

"कोन पायजे?"

"वैशाली."

"डॉक्टरीणबाईचे वडील का तुमी? मग असं चोरावानी काहून हुबं? या की."

वैशाली तंबूतून आली. उन्हानं काळी पडली होती, मनगटं बारीक झालेली. "अण्णा, बीपीच्या गोळ्या आणल्यात का?" हे तिचं पहिलं वाक्य. रबडी तिनं उभ्यानंच खाल्ली आणि सगळ्यांना वाटली. त्या दिवशी मी विषय काढला नाही.

शुक्रवारी उजाडायच्या आत जाळी लागली. केसासारखी बारीक जाळी, जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पाखरू अडकलं की गहिनीनाथ ते अलगद सोडवतो आणि कापडी पिशवीत घालतो. पिशवी काट्याला अडकवून वजन घेतात. मग पायात नंबराचं कडं घालतात, चोचीत कापसाची काडी फिरवतात आणि पाखराला सोडून देतात. रेहाना मॅडम, या सगळ्यांच्या मोठ्या, वहीत लिहीत होत्या. मला राहवेना.

"मॅडम, रिकामी पिशवी कधी तोलली?"

"सकाळी तोलली की."

"आता ती ओली झाली. पाखरानं शिटलंय. कॅन रिकामा करून परत तोलल्याशिवाय आम्ही दुधाचं माप लिहीत नव्हतो."

मॅडमनी पेन थांबवलं. "बरोबर आहे. रोज तोलतो, आज घाईत राहून गेलं."

"घ्या, डेअरीचं साहेब आलं," गहिनीनाथ म्हणाला. "आता पाखराचं फॅट काढतेत बगा."

वैशालीनं हसत काटा माझ्याच हातात दिला. तीन तास मी वजनं सांगितली. पिवळा धोबी, सतरा ग्रॅम. तुतवार, बावन्न. शेवटचा धोबी तिनं सोडण्यासाठी माझ्या तळहातावर ठेवला. तो लगेच उडाला नाही. त्याच्या छातीची धडधड मला बोटांना लागत होती. इतका हलका जीव मी आधी कधी धरला नव्हता. हो, एकदा धरला होता, ही जन्मली तेव्हा.

आता मी अडत होतो ते ठिकाण. दुपारी सगळे लिंबाखाली आडवे झाले, पहाटे चारपासून उठलेले. मेजाखाली ओल्या पोत्यानं झाकलेल्या आठ छोट्या बाटल्या दिसल्या, तळाशी गाळ, वर गढूळ पाणी. आमच्या संघात न धुतलेली बाटली दिसली की मला झोप यायची नाही, कारण एका घाण बाटलीनं पुढचं सगळं तपासणं खोटं होतं. मी माझ्या पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर तापवलं. आठही बाटल्या काडीला फडकं गुंडाळून आतून घासल्या, चिकटपट्ट्या खरवडून काढल्या आणि टॉवेलवर पालथ्या घातल्या.

गहिनीनाथ आधी उठला. "अण्णा, ह्ये काय केलं वो?"

पलीकडच्या कोपऱ्यातल्या डबक्याचं ते पाणी होतं. मंगळवारी तिथं सहा पाखरं मरून पडली होती. संध्याकाळी बर्फ आला की त्या बाटल्या तपासायला जायच्या होत्या. आणि ते डबकं गुरुवारीच आटलं होतं. परत आणायला पाणी नव्हतं.

रेहाना मॅडमनी एक बाटली उचलून उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "अण्णा, चूक आमची आहे. तुम्हाला सांगायला हवं होतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर ठरलं, की गेवराईकडच्या तलावांवर जाऊन अशीच पाखरं मेलेलं पाणी शोधायचं. आठवडा लागेल. आसाम तेवढं पुढे गेलं.

वैशाली मला बांधावर घेऊन गेली. "अण्णा, मुद्दाम नाही ना केलं?"

"नाही गं. सवयीनं झालं."

"मग असे खाली का बघताय?"

मी खरं ते सांगितलं. "तू अजून आठवडाभर इकडेच राहणार हे ऐकून आतून बरं वाटलं. त्याची लाज वाटते."

ती दगडावर बसली. "विचारायला आलात ते विचारा."

"संघात जागा आहे. चेअरमन सोमवारपर्यंत थांबणार आहेत."

"त्यांनी मलाही फोन केला होता. मी पंधरा दिवसांपूर्वीच नाही म्हटलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथं बसलो. तिनं पाण्याकडेच्या पाखरांची नावं सांगितली, मी एकेक परत म्हणून पाहिलं.

शनिवारी गेवराईला निघालेल्या त्यांच्या गाडीनं मला मांजरसुंब्याला सोडलं. गहिनीनाथ एसटीत चढून मला खिडकीची जागा धरून देऊन मगच खाली उतरला. सोमवारी चेअरमनना निरोप द्यायला गेलो, तर ते म्हणाले, "अण्णा, पोरीचं आधीच कळलं होतं. तुम्हाला कसं सांगावं ते समजेना, म्हणून तिलाच विचारा म्हणालो."

तुम्हाला जायचं तर होळीच्या आत जा, नंतर तिथं पाणीही राहत नाही आणि पाखरंही. तिथल्या बाटल्यांना हात लावू नका. घरी आल्यावर माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल तर तळहातावरची ती धडधड. सकाळी चहा टाकताना मधूनच येते, आणि मग दोन कप टाकले गेले की काय ते बघावं लागतं.

वैशू, तुला आसामला जाऊन दीड महिना झाला. "पोचले" एवढा एक निरोप आला, नंतर फोन लागत नाही. नेटवर्कमध्ये आलीस की तू हे वाचतेस, म्हणून इथंच लिहितो. मी तुला परत ये म्हणत नाही. गुवाहाटीला कोणत्या गाडीनं यायचं, पुढे तुझ्या तळ्यापर्यंत काय मिळतं, थंडीचे कपडे लागतील का, तेवढं कळव. मी पिशवी भरून ठेवली आहे, पण कुठे उतरायचं ते माहीत नाही. दोन ओळी लवकर पाठव.