मोराच्या बोर्डापाशी उतरायचं

लिही पोरी, आज मंजुळाचं लिही. आपल्या तलवाड्याच्या आश्रुबाची बायको. तिचा कुठं सत्कार न्हाई झाला, पेपरात फोटो न्हाई आला, पर बाई ध्यानात ऱ्हावी अशी.

तिचा जन्मच मुळी उसाच्या फडातला. लगीन झालं तवा तिच्या आईनं जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवून दिली अन् त्या वाकळीच्या वळकटीत नवा कोयता बांधून दिला. लगीन झाल्यावर आठव्या दिशी पोरगी ट्रकमधी बसून कारखान्याला गेली. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत. मुकादम इचारतो, "किती कोयते हायत?" म्हणजे जोडपी किती. लगीन म्हणजे काय, तर अर्ध्या कोयत्याचा पुरा कोयता झाला.

मंजुळानं अशी बावीस सालं काढली. दसरा झाला की ट्रक, अन् बीडावरनं पाटोदा, जामखेड करीत खाली नगराकडं. उसावर बसावं तसं सामानावर बसायचं. भांडी, पिठाचं पोतं, कोंबडी, लेकरं, समदं एका ढिगात. वाचता येत नव्हतं, पर वाटंवरचे जंगलखात्याचे दोन बोर्ड तिला पाठ हुते. एकावर मोर काढलेला, पाटोद्याच्या अलीकडं. दुसऱ्यावर काळवीट, पार कर्जताच्या पुढं. एकदा डायवरला म्हणली, "दादा, जरा थांबव की, बगू तरी." डायवर म्हणला, "बाई, ऊस वाट बगतोय, मोर न्हाई." समदा ट्रक हसला. मंजुळा बी हसली, पर ते तिच्या मनात ऱ्हायलं.

मंग तेराच्या सालचा दुष्काळ आला. उभा ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं संक्रांतीलाच गार पडलं. लोकं शिमग्याच्या आत माघारी आली. गावात टँकर, ते बी तिसऱ्या दिशी. आपल्या दूध सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी घातली. ज्याची जनावरं त्यानं तिथंच पाल ठोकून ऱ्हायचं. मंजुळाची दोन बैलं, पाखऱ्या अन् हौश्या. त्यांच्या कानात बिल्ला, मंजुळाच्या पालात कार्ड. रोज दिस मावळायला सोसायटीचा सिदू यायचा, जनावर मोजायचा, माणूस मोजायचा. माणूस न्हाई तर चारा न्हाई. कावून, तर आधी काही लोकांनी नसलेल्या जनावरांचा चारा उचललाता, अन् वरून तपासायला येणार असं रोज उठून कोणी तरी म्हणायचं.

त्यातच थोरल्या मैनाचं लगीन ठरलं. पाली गावचं स्थळ, पोरगा बरा, वैशाखातली तारीख. बोलणी झाली त्या दिशी मुकादम पालापाशी आला, चहा प्याला, अन् मैनाकडं बगून म्हणला, "चला, यंदा एक नवा कोयता वाढला." बोलायची रीतच हाय ती, कोणाला काय वाटायचं कारण न्हाई. पर मंजुळानं हातातली कपबशी तशीच खाली ठिवली.

दुसऱ्या दिशी ती आश्रुबाला म्हणली, "आवं, मला मैनाला हिंडायला न्यायचंय."

"कुठं? देवाला?"

"देवाला न्हाई. मोर बगायला. अन् काळवीट. चौघं मिळून, दोन दिस."

आश्रुबाचा तंबाखू मळायचा हात थांबला. "तुला ऊन लागलं का? मोर तर आपल्या बांधावर बी येतो."

"बांधावरचा मोर शेंगा खातो म्हणून आपण त्याला हाकलतो. ज्याला हाकलायचं न्हाई असा मोर मला दाखवायचाय. ही पोर आजवर ज्या गाडीतनं उतरली, उतरली की हातात कोयता. लगीन झालं की पुन्ना त्येच. एक डाव तरी तिनं गाडीतनं उतरावं अन् हात मोकळे असावेत."

आश्रुबा पुन्ना तंबाखू मळाय लागला. तिथं सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोचा डायवर चाँद बसलाता, बीडचा, आश्रुबाचा जुना दोस्त. तोच म्हणला, "बे आश्रुबा, भाभी खरं बोलती. दूध आटलं, टेम्पो दोन-दोन दिस नुसता उबा हाय. चेरमनला मी इचारतो. पाटोद्यात माझी थोरली भैन फरीदा आपा हाय, मुक्कामाला तिचं अंगण. चल बे, तुला बी कोणी मोजणार न्हाई दोन दिस."

चेरमन हां म्हणला. डिझेल चाँदनं बगितलं, त्याच्या बदली मैनानं त्याच्या बायकोला, हाफिजाला, एक वाकळ शिवून दिली. मंजुळानं पालापुढं खडे मांडले. हा तलवाडा, हे बीड, हा मोर, ही फरीदा आपा, हा काळवीट. धाकटी गोदी रोज येऊन खडे मोजायची अन् रोज एखादा सरकवायची, मंग मंजुळा वरडायची, "अगं, काळवीट पाटोद्यात आणलास की!" ऊन तापायच्या आत निगायचं, दुपारी लिंबाखाली पडायचं, दुसऱ्या दिशी हजेरीच्या आत माघारी. बैलांपाशी बसायला तिचा भाऊ सटवा येणार. समदं बसलं हुतं बग.

निगायच्या दिशी मंजुळा पहाटं उठली अन् सामान बांधलं. आता दोन दिसाला काय लागतं? चार भाकरी अन् पाणी. पर बाईनं बावीस सालं एकच बांधणी केलेली. हात आपुआप चालले. पिठाचं पोतं, तवा, पातेली, कंदील, पाण्याचे दोन कॅन, वाकळांची वळकटी, वर झाकायला प्लॅस्टिकचा कागद, अन् डालग्यात कोंबडी. पालापुढं ढीग झाला.

चाँद टेम्पो घेऊन आला अन् कपाळाला हात लावला. "भाभी, दोन दिसाला चाललोत का दोन सालाला?" त्यानं वळकटी उचलली, तर आतून कोयता सटकला अन् टण्कन दगडावर पडला.

"या अल्लाह! भाभी, मोर तोडायला निगालात का? जंगलवाले मला आधी आत घालतील."

मैना खुदकन हसली. मंजुळा कोयत्याकडं बगतच ऱ्हायली. तिला ठावंच नव्हतं आपण तो कवा घातला ते.

तेवढ्यात शेजारच्या पालात कुजबुज झाली. आश्रुबा चालला, बिऱ्हाड घेऊन चालला. खाली एक कारखाना अजून चालू हाय, तिकडं तोडीला चालला. कोणी तरी जाऊन सिदूला सांगितलं. सिदू वही काखंत मारून पळतच आला. ढीग बगितला, कोंबडी बगितली, कोयता बगितला.

"आश्रुबा दादा, हे बरं न्हाई. बैलं छावणीत अन् तुमी तोडीला?"

"तोडीला न्हाई बाबा. मोर बगायला."

"कोयता घिऊन?"

समदी छावणी हसली. कोण इश्वास ठिवणार? भर दुष्काळात कोणी मोर बगायला जातं का?

"सटवाला बसवतोय की बैलांपाशी," आश्रुबा म्हणला.

"कार्डावर सटवा न्हाई. तुमच्या दोघांतलं एक इथं दिसलं पायजे, न्हाई तर बिल्ला काढतो. मला बी वर जबाब द्यायचाय, दादा."

बिल्ला गेला म्हणजे बैलं गेली. त्या साली बाजारात बैलाला एकच गिऱ्हाईक हुतं, अन् ते त्याला गाडीला जुंपायला नेत नव्हतं.

मंजुळा सिदूशी लई भांडली. "माझ्या चुलीपाशी बसून भाकर खाल्लीस तवा माझं तोंड दिसलं, आज कोयताच दिसतो व्हय रे?" सिदूनं मान खाली घातली, पर वही न्हाई मिटली.

आश्रुबा म्हणला, "मी थांबतो. तू जा."

"न्हाई," मंजुळा म्हणली. "गाठुडं मी बांधलं, म्हणून ही येळ आली. अन् तुमी पोरीसंगं दोन दिस नुसतं कवा बसलात? फडात तुमी म्होरं, ती मागं. चला, बसा गाडीत."

"आई न्हाई तर मी बी न्हाई," मैना म्हणली अन् रडाय लागली.

मंजुळानं तिचं तोंड पदरानं पुसलं. "आबांसंगं जा अन् मी सांगती तेवढं कर. उतर, अन् नुसती उबी ऱ्हा. दुसरं काय बी करू नगंस."

टेम्पो गेला. मंजुळानं समदं सामान पुन्ना पालात मांडलं, एकटीनं. दिस मावळताना सिदू आला तवा ती दोन बैलांच्या मधी उबी. "मोज," म्हणली. सिदूनं खाली बगून खूण केली अन् गेला.

दुसऱ्या दिशी हजेरीच्या आत टेम्पो आला. गोदी उडी मारूनच उतरली. "आई, सहा मोर दिसले! पर पिसाराबिसारा काय न्हाई गं, चोची उघड्या टाकून झाडाखाली बसलेते. अन् काळवीट सिमेटाच्या हौदापाशी उबे, टँकर आला तवा समदे वळले. तिथं बी छावणीच हाय."

"हजेरी घेतेत का तिथं?"

"न्हाई. पाणी प्यायले की जातेत कुठं बी. कोणी इचारत न्हाई."

मंजुळानं गोदीला पाण्याचा तांब्या दिला. मंग मैनाला म्हणली, "अन् तू?"

मैना म्हणली, "मोराच्या बोर्डापाशी उतरले. उबी ऱ्हायले. आई, हातांचं काय करावं तेच कळंना. मंग आबांनी त्यातला एक हात धरला."

आश्रुबा लांब बैलांकडं बगत हुता.

वैशाखात लगीन झालं. पाठवणीच्या दिशी मंजुळानं लेकीची वाकळ गुंडाळली. तिच्या आईनं तिची गुंडाळलीती तशीच. हात सवयीनं कोयत्याकडं गेला. उचलला बी. मंग पालाच्या मेढीला परत अडकवला अन् वळकटी नुसती दोरीनं आवळली. दसऱ्याला पोरीच्या हातात कोयता येणारच हुता, मंजुळा काय येडी नव्हती. पर तो तिच्या हातून गेला न्हाई.