मिठाच्या कोठीतला फळा

पुण्याहून पनवेलच्या एस.टी.त चढलो तेव्हा पिशवीत दोन सदरे, एक पंचा, लाल शाईची दौत आणि अन्यायाविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा होता. कंगवा विसरलो होतो. घाट उतरताना शेजारच्या गृहस्थांना मी पहिलं पत्रक दिलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, घडी घातली आणि ऊन अडवायला खिडकीत खोचलं. लोकजागृतीची सुरुवात ही अशी झाली.

प्रकरण असं होतं. पनवेलजवळ खाडीकाठी एक मिठागरी गाव आहे. तिथे इंग्रजांच्या वेळची दगडी कोठी आहे. सरकारी मीठ तिच्यात कुलपात असे. मिठावरचा कर गेला, पहारे उठले, कोठी ओस पडली. गावाने ठरवलं, हिची शाळा करायची. तोवर पोरं चिंचेखाली बसून शिकत होती. पण दिपोटी (शाळा तपासनीस) आला आणि 'भिंती ओल्या, फळा टांगण्यास जागा नाही' असा शेरा मारून गेला. दगडाच्या एवढ्या थोरल्या इमारतीत फळ्याला जागा नाही! सोमवारी तो पुन्हा येणार होता. तेव्हाही कोठी नापास झाली तर मास्तर दुसऱ्या गावाला जाणार आणि पोरं जाणार मिठागरात. हे सगळं ठमाबाईच्या पोस्टकार्डावरून कळलं. ठमाबाई मिठागरात राबणारी बाई. कार्ड मास्तरने लिहून दिलेलं. शेवटी एवढंच होतं : 'भाषण नको, माणूस पाठवा.' पुण्याच्या आमच्या अन्यायविरोधी मंडळाने मला पाठवलं.

पनवेलला उतरलो तर रस्त्याच्या कडेला बैलगाड्यांची नवी चाकं ओळीने भिंतीला टेकवलेली. चहाच्या पेल्यातही लाकडाचा भुसा. खाडीकडे निघालेल्या एका गाडीवानाला थांबवलं.

"सरकारी मानूस का?" त्याने विचारलं.

"सरकारविरोधी!" मी छाती काढून म्हणालो.

"मंग मागं बसा, पोत्यांवर. पुडची जागा सरकारी मानसाची."

गाडीवाट संपली आणि मिठागरांचा बांध सुरू झाला. दोन्ही बाजूंना आरशासारखे चौकोन, मध्ये मिठाचे पांढरे ढीग, पलीकडे खाडी. या शोभेची नोंद करायला मी मान वर केली आणि कमरेपर्यंत खाजणात (भरतीच्या चिखलात) गेलो. एका बाईने दंड धरून बाहेर ओढलं. तीच ठमाबाई.

"दादा," ती मला न्याहाळत म्हणाली, "आमी मानूस मागवला व्हता, चिंबोरी (खेकडा) नाय."

त्या संध्याकाळी तिच्याकडे तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणाऱ्या माशांचं) कालवण जेवलो. वाडग्यात डोळे वटारलेला मासा, वर डोळे वटारलेला मी. तिसऱ्या घासाला आमचं जमलं.

कोठीच्या दारात जोमाबाबा बसलेला असे. मीठखात्याचा जुना पहारेकरी. खातं उठून गेलं तरी किल्ली त्याच्या कमरेला तशीच. घरी जाणाऱ्या बायकांच्या टोपल्या तपासायच्या, हे त्याचं पूर्वीचं काम. गोऱ्यांची चाकरी केलेला माणूस! मी त्याला रामरामही केला नाही.

शनिवारी गावाने माझ्या हुकमाखाली आतून चुन्याचा गिलावा केला. मी खिळे ठोकून फळा टांगला आणि वर खळ लावून पत्रकं डकवली : 'ज्ञान हा जनतेचा हक्क!' जोमाबाबाने भिंतीवर तळहात फिरवला. "नाय टिकायचा," एवढंच बोलून कुलूप लावलं.

रविवारी सकाळी दार उघडलं. गिलाव्याचे पापुद्रे जमिनीवर, त्यांवर जनतेचा हक्क पालथा, आणि फळा एका कानावर लोंबतोय. किल्ली एकाच माणसाकडे. याला घातपात म्हणायचं नाही तर काय? मी दौत उघडली आणि लाल अक्षरांत लिहिलं : 'जोमा पहारेकरी! काल गोऱ्यांचा कुत्रा, आज शाळेचा शत्रू!' आणि चिंचेच्या बुंध्याला ठोकलं. मास्तर दिपोटीला आणायला पनवेलला गेलेला, पोरं अजून बाराखडीत, त्यामुळे गावात ते वाचणारा मी एकटाच. तरी मी बोट जोमाबाबाकडे रोखलं होतं. ते वाचायला शाळा लागत नाही. त्याने किल्ली उंबऱ्यावर ठेवली, तो कागद बुंध्यावरून सोडवून घेतला आणि खाडीकडे चालता झाला.

"दादा," ठमाबाई म्हणाली, "भित चाटा."

"काय?"

"चाटा की. इख नाय ते."

सगळं गाव पाहत होतं. चळवळीच्या माणसाने मागे हटून चालत नाही. मी चाटली. खारट! खारट म्हणजे लोणच्याच्या बरणीसारखी! इतकी वर्षं मिठाची ओल पिऊन दगड मुरला होता. तो चुना धरेना, खळ धरेना, खिळा धरेना. दिपोटीचा शेरा खरा होता, हे लिहिताना आजही हात अडखळतो.

"याचा औशीद एकाच मानसाला ठावं," ठमाबाई म्हणाली. "त्यालाच तुमी हाकललात."

जोमाबाबा काठावर जाळं सांधत बसला होता. मी माफी मागितली. सवय नसल्यामुळे ती फार लांबली. त्याने कागद पुढे केला.

"माजा नाव हाय ना यात? वाच."

मी घसा खाकरला. "जोमा पहारेकरी... या गावचा... जुना, जाणता राखणदार." सेन्सॉरशिपविरुद्ध मी आजवर तीन पत्रकं काढली आहेत. त्या दिवशी माझ्या ओळींवर मीच कात्री चालवली.

"एवराच? अक्षरा तर मोटी हायत."

"मुद्दाम मोठी काढलीत."

"आनि लाल?"

"मानाची."

त्याने घडी करून कागद टोपीत ठेवला आणि उठला. "मीठ आमी भितीला कवा टेकवलाच नाय. हातभर सोडून फल्या उभ्या करायच्या. त्या फल्या कुटं गेल्या ते मना ठावं."

मग तो दारोदार फिरला, आम्ही मागे. "हाशा, तुज्या खुराड्याला दोन. गोमा, तुज्या मोरीला तीन. ठमे, तुजा फडताळ."

"बाबा, तुमी बगत व्हता?" ठमाबाई ओरडली.

"पहारा करत व्हतो. झोपत नव्हतो."

तिने पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "मंग आमच्या पदरातला मीठ?"

"त्यो बी दिसायचा."

"कदी बोललाव नाय ते?"

"बोललो असतो तर तुजी पोरा आळनी जेवली असती."

मी त्याच्या टोपीकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

दिवस मावळेपर्यंत फळ्या उभ्या राहिल्या. कुणाची हळदीने पिवळी, कुणाची कोंबड्यांनी रंगवलेली. होडी बांधतात तशा लाकडी खुंट्यांनी जोडल्या; लोखंडाचा एक खिळाही नाही. फळा मध्यावर, सरळ.

सोमवारी दिपोटीने छडीने फळीवर टकटक केलं. "भिंत कुठे आहे?"

"मागं हाय," ठमाबाई म्हणाली. "चाटून बगता, सायेब? या दादांनी बगितली."

साहेबाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घाईने सही केली.

जोमाबाबा मला गाडीपर्यंत पोचवायला आला. हातात मिठाची पुडी ठेवली. ती माझ्याच पत्रकात बांधलेली. मग टोपीवर बोट टेकवून म्हणाला, "उद्यापासून मी बी बसनार पोरांत. यो कागूद मीच वाचीन. तू वाचलास, पन लई अडकत वाचलास."

घाट चढेपर्यंत मी कुणालाही पत्रक दिलं नाही. सगळ्यांना अक्षर आलं पाहिजे यासाठी मी गळा सुकवलेला माणूस. आणि एका म्हाताऱ्याची बाराखडी लांबावी असं मनात येत होतं! मास्तरला तसं कार्ड टाकायचाही विचार आला.

कार्ड टाकलं, पण जोमाबाबाच्या नावाने. काळ्या शाईत, पहिल्या धड्यातल्यासारखं सोपं : 'बाबा, लाल कागद खोटा. मी वाचलं ते खरं.' मास्तरला वर तिरपी सूचना केली, 'वाचून दाखवू नये. त्यांना येईल तेव्हा द्यावे.'

मिठाची पुडी अजून संपलेली नाही. जोमाबाबाचं उत्तरही अजून आलेलं नाही. येईल ते त्याच्याच हातचं येईल.