पांढरं ग्रीस

चाक निखळलं तेव्हा मी तिथे नव्हते. पोचले तेव्हा ट्रॉली एका अंगावर पडली होती आणि दिंडोरीच्या रस्त्यावर आमच्या द्राक्षांचा लगदा झाला होता. निखळलेलं चाक उसळून शेजारच्या बागेच्या तारा तोडत आत घुसलं होतं. मामांना काही लागलं नव्हतं. लागायचं अजून बाकी होतं.

मामा म्हणजे आमचा छोटा ट्रॅक्टर चालवणारे. नात्याचे नाहीत, पण मी पहिल्यापासून त्यांना मामाच म्हणते. पप्पा गाडीतून उतरले ते जॅकचा लोखंडी दांडा घेऊनच.

"ग्रीस लावलं होतं का?"

"लावलं व्हतं, अण्णा. दसऱ्याच्या आधी."

"मग बेअरिंग जळलं कसं? हरामखोर, फुकट खातो माझं!"

पहिला दांडा खांद्यावर बसला. ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा आवाज आला. मामा वाकले आणि वाकताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाईलकडे बघितलं.

मामांनी ग्रीस लावलं होतं. मी स्वतः बघितलं होतं. घरात पाहुणे होते आणि पाहुण्यांशी काय बोलावं ते मला कळत नाही, म्हणून त्या दिवशी मी बाहेर पायरीवर येऊन बसले होते. त्यांनी दोन्ही चाकं उतरवली, बेअरिंग डिझेलमध्ये धुतली, फडक्याने कोरडी केली. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन त्यात बेअरिंगची कड दाबत राहिले, रोलरच्या फटींतून ग्रीस वर येईपर्यंत. नट आवळला, चाक फिरवून बघितलं, नट जरा सैल केला, पिन घातली आणि पत्र्याची टोपी ठोकून बसवली.

दोन दिवसांनी दसरा. पूजेआधी आमच्याकडे सगळी वाहनं बागेला औषध मारायच्या पंपाने धुतात. त्या पंपाच्या फवारणीच्या गनचं पाणी चिखलच काय, रंगसुद्धा उडवतं. त्या वर्षी गन मी मागून घेतली.

"ताई, चाकाच्या मधी नका मारू. पाणी आत जातं," मामा म्हणाले.

चारचौघांत कुणी चूक दाखवली की मी उत्तर देत नाही, हातातलं काम तसंच चालू ठेवते. तेव्हाही तेच केलं. टोप्या लखलखीत निघाल्या. त्यांच्यावर मी कुंकवाची बोटं ओढली. आत काय झालं असेल, हा विचार पुढचे चार महिने माझ्या मनात आला नाही.

दुसरा दांडा पाठीवर बसला. मामा गुडघ्यावर आले. क्रेट गोळा करणारे मजूर पाठमोरे झाले. मामा एका वाक्यात सुटले असते, पण ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही.

"पप्पा, इट वॉज मी," मी म्हणाले. घाबरले की माझ्या तोंडून शाळेची भाषा निघते.

"काय?"

मी मराठीत जुळवाजुळव करेपर्यंत दांडा पुन्हा खाली आला. मामांनी हात मध्ये घातला होता. बोट मोडल्याचा आवाज लहान असतो.

"पाणी मी मारलं होतं! दसऱ्याला, पंपाने! मामा नको म्हणाले होते."

"याला वाचवायला खोटं बोलू नको. गाडीत बस."

ट्रॉलीचं दुसरं चाक हवेत अधांतरी होतं. मी टूलबॉक्समधला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याची टोपी उचकटली. माझं नख उलटलं. आतलं ग्रीस पिवळं नव्हतं. पाण्यात फेटल्यासारखं पांढरंफटक झालं होतं, त्यात गंजाच्या रेषा. मी ते बोटांनी उकरून पप्पांच्या तोंडासमोर धरलं.

"हे बघा. ग्रीस आहे. लावलेलं आहे. त्यात पाणी मी घातलं."

त्यांनी बघितलं. मग त्यांनी मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा, उघड्या हाताने, कानाखाली. हातातलं ग्रीस उडून माझ्या कुर्त्यावर पडलं. दांडा त्यांनी रस्त्याकडेला फेकला आणि मजुरांवर ओरडले, "बघता काय? क्रेट उचला!"

मामांना ते एक शब्द बोलले नाहीत. मोडलेलं बोट मुठीत धरून मामा दिंडोरीच्या दिशेने चालू लागले. मी दवाखान्यात नेते म्हणाले, तर मागे न बघता त्यांनी दुसरा हात नुसता हलवला. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, त्यानंतरही नाही. मी त्यांच्या घरी गेले. मामी दारातच उभी राहिली. "बोलायचं व्हतं तर पहिल्या दांड्याला बोलायचं," म्हणाली आणि आत गेली.

आता दरवर्षी शहरातल्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवरून मी दसऱ्याच्या आधी मळ्यात जाते आणि बेअरिंगमध्ये ग्रीस स्वतः भरते. ट्रॉली बादली आणि फडक्याने पुसते. पप्पा लांबून बघतात. चाक वर उचललं की जवळ येतात, जॅकच्या दांड्यासाठी हात पुढे करतात. "दे, मी करतो."

मी देत नाही. काम संपेपर्यंत दांडा माझ्या पायाखाली असतो.