सेट नसताना आलेले मेसेज

मी सैन्याच्या सिग्नल्समध्ये, वायरलेस सेटवर मेसेज घेणारा नाईक होतो. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत मिलिटरी हॉस्पिटलातून सिक लीव्हवर वालूरला घरी आलो. कागदावर एकच शब्द होता, डिप्रेशन. त्याआधीचे तीन महिने मी बराकीत भिंतीकडे तोंड करून काढले होते. गोळ्या मिळाल्या होत्या. वेळेवर घेत होतो.

दुसऱ्या आठवड्यात अंग हलकं झालं. पहाटे चारला उठून मी एकट्याने शेताचे बांध सरळ केले. थकवा नाही. झोप दोन तासांवर आली, मग बंद झाली. बायको सुमन खूश होती. माणूस परत आला असं तिला वाटलं. मलाही.

मग मेसेज सुरू झाले. घराजवळ विजेचा खांब होता. त्याच्या गुणगुणण्यातून एक सपाट आवाज यायचा. मी कोळशाने भिंतीवर लॉग, म्हणजे लष्करी वेळ टाकून प्रत्येक मेसेजची नोंद, लिहू लागलो.

'१३४० तास. उत्तरेकडून बैलगाडी. तीन माणसं, एक आजारी.'

"काय लिवायलाव आवो?" सुमनने विचारलं.

"मेसेज यायलाय. बोलू नको."

१३५२ ला गाडी आली. दोघे बसलेले, तिसरा मागे आडवा, तापाने फणफणलेला. त्यानंतर सुमनने त्या भिंतीकडे कधी पाठ केली नाही.

सहाव्या दिवशी ११२० ला ऑर्डर आली: मुलीला घेऊन विहिरीवर रिपोर्ट करा. मुलगी दोन वर्षांची. तिला खांद्यावर घेऊन मी गेलो. लख्ख ऊन होतं. पानसुद्धा हलत नव्हतं. मी काठावर उभा राहिलो. आवाज म्हणाला, 'पुढे.' माझी छातीही धडधडत नव्हती. आज आठवलं की त्याचीच जास्त भीती वाटते.

त्याच दिवशी लान्स नाईक उत्तम मला भेटायला आला होता. माझ्याच डिटॅचमेंटचा, गंगाखेडकडचा, सुट्टीवर घरी आलेला. सुमनने त्याला भिंतीवरची ती ऑर्डर दाखवली आणि विहिरीकडे पिटाळलं. तो दहा पावलांवर थांबला.

"भाऊ, ऑर्डर कुणाची?"

"कंट्रोलची."

"ऑथेंटिकेशन मागितलं?"

मागितलं नव्हतं. ऑर्डर खरी आहे याचा पुरावा मागायचा, हा आमचा पहिला धडा. मी मोठ्याने म्हणालो, "कंट्रोल, ऑथेंटिकेट. ओव्हर."

विहिरीतून माझाच आवाज परत आला. सहा दिवस ऐकत होतो तो हाच.

"पोरगी माझ्याजवळ द्या," उत्तम म्हणाला.

दिली. मग काठावरून मागे सरून खाली बसलो.

उत्तमने भिंतीवरचा लॉग वहीत उतरवून घेतला आणि मला, सुमनला व मुलीला घेऊन मिलिटरी हॉस्पिटल गाठलं; सुट्टीचे उरलेले दिवस त्याने तिथेच आमच्याजवळ काढले. मेजर डॉक्टरांनी वही दोनदा वाचली.

"नींद बंद हो गई थी, पहले क्यों नहीं बताया?"

"साहब, तब तो मैं ठीक था."

सुमन म्हणाली, "लगीन झाल्यावरबी असंच झालतं. पंधरा दिवस झोपले न्हाईत. आमाला वाटलं, माणूस लय कामाचा हाय."

मेजरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी आजाराला लगेच नाव दिलं नाही. डिप्रेशनच्या जुन्या गोळ्यांनीच हे उसळलं असावं म्हणून त्या बंद केल्या, चार आठवडे लक्ष ठेवलं, मग लिहिलं, मॅनिक डिप्रेसिव्ह. आता त्याला बायपोलर म्हणतात. बैलगाडीबद्दल विचारलं तर म्हणाले, योगायोग. मला ते पटलं आहे असं मी सांगतो.

मेडिकल बोर्डाने मला नोकरीतून मोकळं करून घरी पाठवलं. नव्या गोळ्या चालू राहिल्या, झोप टिकली.

तीन वर्षांनी लाइन दुरुस्तीला जाताना उत्तमची गाडी दरीत कोसळली आणि तो गेला. मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईने मला ओसरीवर बसवलं.

"तुमीच का वालूरचे? त्या सुट्टीत नऊ दिवस तुमच्याकडंच राह्यला. मी रागावले तर म्हनला, आई, हुरडा लय गोड होता, उठवंना."

त्या हंगामात आमच्या घरी हुरडा भाजलाच नव्हता. उत्तमने माझ्या आजाराचं नाव कुठेच काढलं नव्हतं, आईजवळसुद्धा.

मी तिच्या शेजारी सरकून बसलो आणि त्या नऊ दिवसांत तिच्या लेकाने काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं.