उत्तराचा रकाना

सदर गृहस्थ, वय वर्षे अठ्ठावन्न, उंची मध्यम, बांधा किरकोळ, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक, वर्तणूक चांगली. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून पडलेला घट्टा. पाणीपुरवठा कार्यालयात चौतीस वर्षे आवक-जावक लिपिक. या कालावधीत कार्यालयात आलेल्या प्रत्येक कागदास सदर गृहस्थांनी क्रमांक दिला व प्रत्येक क्रमांकासमोरील उत्तराचा रकाना भरून घेतला. सेवानिवृत्तीच्या दिवशी एकही रकाना रिकामा नव्हता. करिता हा दाखला देण्यात येत आहे.

दाखल्यावर सही साहेबांची होती. मसुदा अर्थातच सदर गृहस्थांचा. साहेबांनी त्यातला फक्त ‘अतिशय’ हा शब्द खोडला, तो ‘चांगली’च्या आधी होता.

कार्यालयात त्यांना जावकराव म्हणत, आणि निवृत्तीनंतर हे नाव त्यांच्याबरोबर घरी आलं. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बायकोचं शिलाई मशीन. ती लोकांच्या पँटी आखूड करायची, चेन बदलून द्यायची. दुसऱ्या भिंतीला जेवणाचं टेबल. त्याच्या एका टोकाला जावकरावांचं कार्यालय भरायचं, दहा ते एक आणि दोन ते पाच.

हे कार्यालय लेकीने उघडून दिलं होतं. ती दूरच्या शहरात, पुलांसाठी लागणारं काँक्रीट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. निवृत्त बाप दिवसभर खिडकीतून बसचे नंबर टिपून घेतो असं आईकडून कळलं, तेव्हा तिने एक टॅबलेट आणून दिला, ईमेल काढून दिलं, मेसेज कसे पाहायचे ते दाखवलं आणि म्हणाली, “बाबा, आता पत्रं इथेच येतील.” पत्रं येतील म्हटल्यावर जावकराव उठले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पुठ्ठ्याच्या बांधणीची नोंदवही घेऊन आले. रकाने पाच : क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, उत्तर.

पहिला महिना छान गेला. मग जगाला त्यांचा पत्ता लागला.

गादीच्या दुकानाने कळवलं की सवलत संपायला फक्त दोन तास उरले आहेत. जावकरावांनी उत्तर लिहिलं : “आपले पत्र मिळाले. घरात गाद्या दोन असून दोन्ही सुस्थितीत आहेत. सबब आपली सूचना स्वीकारता येत नाही.” त्यावर दुकानाकडून आभाराचं पत्र आलं. आभाराची पोच देणं भाग होतं. एका कंपनीने पत्र लिहून खाली तंबीही दिली की या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. आधी पत्र लिहायचं आणि मग उत्तर नको म्हणायचं, हे चौतीस वर्षांत फक्त निनावी तक्रारवाल्यांनी केलं होतं. त्यांनी त्या कंपनीची नोंद ‘निनावी’ या सदरात केली.

इमारतीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं यायची. तीही वहीत चढली. विषय : फूल, पिवळे. उत्तर : मिळाले. जुन्या साहेबांनी मैत्रीची विनंती पाठवली, तेव्हा जावकरावांनी तो अर्ज म्हणून दाखल करून घेतला आणि उलट टपाली विचारलं, “मैत्रीचे प्रयोजन नमूद करावे.” साहेबांनी अजून केलेलं नाही. प्रकरण विचाराधीन आहे.

बायकोची पद्धत याच्या अगदी उलट. तिच्या फोनवर तीनशे माणसं होती आणि सगळी खूश होती. पायाने मशीन चालवता चालवता ती कुणाला अंगठा द्यायची, कुणाला बदाम, कुणाला हसरा चेहरा. जावकरावांना ते बघवायचं नाही. कार्यालयात ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचाच अंगठा घेत, आणि इथे सही येत असून बाई आपण होऊन अंगठे उठवत बसली होती.

“तुम्ही पण एकेक बदाम टाकत जा,” ती म्हणायची. “जेवायला तरी वेळेवर उठाल.”

“वाचल्याशिवाय उत्तर देता येत नाही,” ते म्हणायचे, आणि यापुढे वाद नसे.

आणखी एक नियम होता, त्यावर तर बोलायचीच सोय नव्हती. पत्र आलेल्या क्रमानेच उघडायचं. कुणाचंही असो. या नियमामागे एक म्हातारी होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जावकरावांनी साहेबांच्या मेहुण्याचा अर्ज गठ्ठ्यात खालून उचलून वर ठेवला होता. एवढंच, एका बोटाचं काम. त्या गडबडीत एका म्हातारीचा नळासाठीचा अर्ज दुसऱ्याच फायलीत गेला. आठ महिने ती बादल्या घेऊन तीन जिने चढली आणि मग एक दिवस खिडकीपाशी आली. भांडली नाही. “माझा कागद कुणी वाचला का हो?” एवढंच विचारून उभी राहिली. जावकरावांनी त्या दिवसापासून गठ्ठ्याला वाकडं बोट लावलं नाही.

तर एका रविवारी लेकीचं ईमेल आलं. चालू वर्षाच्या वहीत क्रमांक ११४६. विषय : विचारायचं होतं. त्या वेळी जावकरावांची उत्तरं १०९८ पर्यंत पोचली होती. मध्ये सत्तेचाळीस पत्रं. दिवसाला बारा या हिशेबाने गुरुवारी लेकीचा नंबर लागणार होता. त्यांनी तारीख टाकली, नाव लिहिलं आणि वही मिटली. लेकीची पत्रं म्हणजे डोळे तपासून घ्या, जिन्यात कठडा धरा, अशीच असायची. त्याला गुरुवार चालण्यासारखा होता.

त्या पत्रात काय होतं ते जावकरावांना ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही. लेकीला समुद्रापलीकडच्या एका पुलावर काम मिळत होतं. तीन वर्षं. मध्ये घरी येणं नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हो-नाही कळवायचं होतं. “फोनवर विचारलं तर तुम्ही ‘बरं’ म्हणून आईकडे फोन द्याल,” तिने लिहिलं होतं. “आईला विचारलं तर ती आधी रडेल आणि मग जा म्हणेल. म्हणून तुम्हाला लिहून विचारते. बाबा, मी जाऊ का? तुम्ही नको म्हणालात तर इथली नोकरी वाईट नाही, मी राहीन. उत्तर आलं नाही तर तुमचं काहीच म्हणणं नाही असं समजेन.”

सोमवारी बारा पत्रं निघाली, मंगळवारी बारा. बुधवारी किटली आडवी आली.

विजेची ती किटली लेकीनेच मागच्या वर्षी पाठवली होती. कंपनीला आता त्यांचा अनुभव हवा होता, प्रश्न बेचाळीस. मुठीबद्दल आपण कितपत समाधानी आहात? झाकण आपल्या अपेक्षेच्या पलीकडे गेले काय? झाकणाकडून आपण नेमकी काय अपेक्षा ठेवली होती हे जावकरावांना चटकन आठवेना. त्यांनी किटली टेबलावर आणली, झाकण अकरा वेळा उघडलं-मिटलं आणि पाच वाजेपर्यंत खऱ्या माणसाला शोभतील अशी खरी उत्तरं लिहिली. बायको दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा तिने विचारलं की चहा करायला किटली मिळेल का, की तिची जबानी व्हायचीय अजून. त्या दिवशी एकच पत्र निघालं.

गुरुवारी लेकीचा फोन आईला आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, बाबा काही म्हणाले का. कशाबद्दल, असं आईने विचारलं. काही नाही, ती म्हणाली, सहज. आईच्या तोंडात टाचण्या होत्या, तिनेही जास्त विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी सव्वाबाराला लेकीने फोटो टाकला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे सहकारी, खाली चार ओळी मजकूर. आई त्या वेळी एका पँटीची पट्टी उसवत होती. फोटो दिसल्याबरोबर तिने बदाम दिला आणि फोन उलटा ठेवला.

तीन वाजता चेन बदललेलं जाकीट न्यायला एक गिऱ्हाईक आली. जाकीट अंगात घालून बघताना म्हणाली, “तीन वर्षं म्हणजे मोठीच झाली हो. तुम्हाला करमणार कसं?”

“कोण तीन वर्षं?” बायकोने विचारलं.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने फोन सुलटा केला आणि त्या चार ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. मग टेबलाच्या टोकाशी येऊन उभी राहिली. जावकराव ११४० चं उत्तर आटपत होते.

“लेकीचं काही पत्र आलंय तुम्हाला?”

“आलंय. रविवारी.”

“काय लिहिलंय?”

“उघडलं नाही अजून. नंबर लागायचाय. मध्ये पाचच आहेत.”

“कोण कोण?”

जावकरावांनी बोट ठेवून वाचलं. गादीवाले. बुटांचं दुकान. निनावी. फूल, जांभळे. परत गादीवाले. वाचता वाचता त्यांचा आवाज बसत गेला. “आणि मग आपली,” ते म्हणाले.

बायकोने फोन त्यांच्यापुढे ठेवला. खाली तिचा बदाम होता, लाल, सगळ्यांत पहिला.

“मी न वाचता बदाम दिला,” ती म्हणाली. “तुम्ही न वाचता नंबर दिलात. पोरीने विचारायचं तरी कुणाला?”

जावकरावांनी आधी फोनवरच्या ओळी वाचल्या. मग चौतीस आणि अडीच वर्षांत दुसऱ्यांदा पाच पत्रं ओलांडून सहावं उघडलं. ते त्यांनी सावकाश वाचलं, कारण त्यांना दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने वाचता येत नव्हतं. ‘काहीच म्हणणं नाही असं समजेन’ या ओळीपाशी ते थांबले. त्यांना म्हातारी आठवली. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की तिने त्यांना क्रम शिकवला. पण खिडकीपाशी उभी राहून तिने क्रमाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. आपला कागद कुणी वाचला का, एवढंच तिला हवं होतं.

त्यांनी उत्तराची सुरुवात केली. “तुझे दिनांक” इथपर्यंत लिहून झालं आणि हात पुढे जाईना. मग ते खोडून त्यांनी बायकोचाच फोन उचलून लेकीला लावला.

“आई, बोल.”

“मी आहे.”

“बाबा? आई बरी आहे ना?” जावकरावांनी आपण होऊन फोन केला, असं आजवर कधी घडलं नव्हतं.

“बरी आहे. इथेच उभी आहे. तुझं रविवारचं पत्र आत्ता वाचलं.”

मागे कुठलंसं यंत्र घरघरत होतं. लेक त्याच्यापासून लांब गेली असावी, कारण घरघर कमी झाली.

“मी बाराला कळवून टाकलं, बाबा. हो म्हणून.”

“ते कळलं. तरी उत्तर राहिलंय, ते देतो.” जावकरावांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. “तू जाऊ नयेस असं मला वाटतं. ही एक बाब. दुसरी अशी, की तरीही तू जावंस. वेळेवर लिहिलं असतं तर मी फक्त दुसरी लिहिली असती. पहिली माझ्याकडून लिहिली गेली नसती.”

बायको हातातली अर्धवट उसवलेली पँट तशीच धरून उभी होती.

“बरं,” लेक म्हणाली.

तो ‘बरं’ बायकोच्या चांगला ओळखीचा होता, तीस-पस्तीस वर्षं ऐकलेला. तिने हात पुढे केला आणि फोन घेतला. लेकीच्या अंदाजाप्रमाणे आधी ती रडली आणि मग जा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने नवऱ्याला गादीवाल्यांच्या पत्राच्या तळाशी एक बारीक ओळ दाखवली : अशी पत्रे नको असल्यास येथे दाबा. छापखान्याचा पत्ता असेल म्हणून जावकरावांनी ती अडीच वर्षांत कधी वाचली नव्हती. सगळ्या दुकानांतून नाव काढून घ्यायला त्यांना तीन दिवस लागले. किटलीवाल्यांनी कारण विचारलं. तेवढं सविस्तर कळवलं. बायको आता बदाम देण्याआधी मजकूर वाचते. लोक एवढं लिहितात आणि त्यात एवढं कमी असतं, ही तिची नवी तक्रार आहे.

महिन्याभराने लेक गेली. तिची पत्रं रविवारी येतात आणि चष्मा सापडायच्या आत उघडली जातात. वहीत ती चढवली जात नाहीत. बाकी वही चालू आहे. फुलांना पोच जाते. साहेबांचं प्रकरण विचाराधीनच आहे.

११४६ समोर मात्र अडचण झाली. उत्तर तोंडी दिलेलं होतं, आणि तोंडी उत्तराला जावक क्रमांक नसतो. जावकरावांनी तिथे पेन्सिलीने ‘फोनवर’ असं लिहून पाहिलं, आणि नियमात बसत नाही म्हणून खोडलं.

तो रकाना रिकामा आहे.