किल्ली देण्याआधी

बाजारपेठेत तिला तोंडावर वकीलबाई म्हणत आणि पाठीमागे आधीबाई. तिला ते माहीत होतं. चहावाल्याने एकदा जिन्यातूनच ओरडून विचारलं होतं, "आधीबाईंना बिनसाखरेचा ना?"

व्यापारी मंडळाच्या कचेरीवर एक खोली होती. तिथे आठवड्यातून दोन दुपारी ती बसायची आणि छोट्या दुकानदारांना कायद्याचा सल्ला द्यायची, फुकट. खोलीत एक टेबल, कोपऱ्यात एकात एक घातलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि मंडळाच्या गेल्या निवडणुकीतले उरलेले फलक. समोर कुणीही बसो, त्याची कहाणी संपली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मग हे करण्याआधी का नाही आलात?"

आणि का विचारू नये? केशकर्तनालयवाल्याने दुकानाची नोंदणी साडूच्या नावावर होऊ दिली, कारण नेमका त्या दिवशी याला ताप होता आणि साडू म्हणाला, मी जातोच आहे तर माझ्या नावावर करून टाकतो, नंतर बदलू. छापखानेवाल्याने चार पानी करारावर न वाचता सही केली. का, तर समोरचा माणूस उभा होता. "त्याला ताटकळत ठेवून मी वाचत बसणार का बाई? बरं दिसतं का ते?" छत्र्या दुरुस्त करणाऱ्याने भागीदारी मोडली ती जेवणाच्या पंगतीत, तोंडी, सगळ्यांसमोर, आणि आता सगळे म्हणत होते आम्ही जेवत होतो, आमचं लक्ष नव्हतं.

तिने शेवटी दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'सही करण्याआधी या.' पाटीचा खिळा मजबूत होता. लोक त्याला हेल्मेट अडकवून आत यायचे.

घरी नवरा म्हणायचा, "अगं, तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं आहेत ती. तू कशाला स्वतःचा घसा कोरडा करतेस?" मोठ्या अशिलांची कामं तिने कंटाळून सोडली होती. त्यांना सगळं आधीच माहीत असायचं आणि त्यांना हवा असायचा तो फक्त तिचा काळा कोट. इथे निदान माणसं खरोखर अडलेली असत. पण अडण्याचं कारण दरवेळी एकच निघायचं, भीड. तिची आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. आधीबाईला वाटे, आजीने हे कायद्याच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापून घ्यायला हवं होतं.

त्या दुपारी शेवटचा माणूस गेला तेव्हा रांगेत अजून एकजण बसलेली दिसली. मांडीवर पर्स, हातात नंबराचा चिठोरा. ती तिची धाकटी नणंद होती, बेबी. चाळिशी उलटली तरी घरात आणि बाजारात बेबीच.

"तू इथे काय करतेस?"

"नंबर लावलाय."

"बेबी, काल रात्री तू आमच्याकडे माझ्या शेजारी बसून जेवलीस."

"घरी दादाच्या कानावर गेलं असतं," बेबी म्हणाली. "तुम्ही आता वहिनी म्हणून ऐकू नका. बाकीच्यांचं ऐकता तसं ऐका."

बेबीची बेकरी बाजारामागच्या गल्लीत होती. भाड्याचा एकच गाळा. पुढे काचेचं कपाट, मागे ओव्हन. पाव, टोस्ट, वाढदिवसाचे केक. नवऱ्याची नोकरी सुटल्यापासून घर त्या ओव्हनवरच चालत होतं. गाळ्याचे मालक गल्लीतच राहायचे. सगळे त्यांना काका म्हणत, आणि बेबीच्या हातचा टोस्ट चहात बुडवल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे.

काका महिन्यामागे म्हणाले होते, गाळ्याचं छत गळतंय, रंगही उडालाय, आठवडाभर बंद ठेव, सगळं करून देतो. बेबीने ट्रे, डबे, काचेचं कपाट घरी हलवलं आणि किल्ली काकांच्या हातात दिली. छत झालं. रंग झाला. मग दाराला नवीन कुलूप लागलं. बेबी विचारायला गेली तेव्हा काका खाली बघत म्हणाले, "तू तर सोडलीस ना जागा? सामान नेलंस, किल्ली दिलीस. जावईबापूंनी तिथे मोबाईलचं दुकान ठरवलंय."

आधीबाईने डोळे मिटून घेतले. "किल्ली देताना काही लिहून घेतलंस?"

"काकांकडून?"

"काही बोलली तरी होतीस?"

"मी म्हणाले, सावकाश होऊ द्या काका, माझी काही घाई नाही."

"वा."

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणाले."

"अगं, पाच मिनिटं लागली असती. अमुक दुरुस्तीसाठी किल्ली तात्पुरती देत आहे, एवढी एक ओळ. मी घरातलीच आहे. स्वयंपाकघरात हाक मारली असतीस तरी चाललं असतं. देण्याआधी का नाही..."

"म्हणूनच," बेबी म्हणाली.

"काय म्हणूनच?"

"तुमच्याकडे आलं की आधी बोलणी खावी लागतात, मग सल्ला मिळतो. बाजारात सगळे तसंच म्हणतात. माणसाचं डोकं आधीच उठलेलं असतं, वहिनी. म्हणून लोक सगळं होऊन गेल्यावरच येतात. तेव्हा निदान बोलणी एकदाच खावी लागतात."

आधीबाईला राग आला, आणि तो नेमका कुणाचा हे कळेना, म्हणून जास्तच आला. तिने खुर्ची पुढे ओढली. "आत काय राहिलंय तुझं?"

"काही नाही. म्हणजे, ओव्हन आहे. तो दारातून निघत नाही. आणला तेव्हा दाराची चौकट काढावी लागली होती. काकांचा सकाळीच फोन होता, उद्या येऊन ने म्हणून. गॅस माझ्या नावावर आहे, तो बंद केल्याशिवाय ओव्हन हलवणारी माणसं हात लावत नाहीत."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, येते काका."

आज पहिल्यांदाच बेबीच्या भिडेचा काही उपयोग होण्याची शक्यता होती. आधीबाईने तिला बाराखडी शिकवावी तसं समजावलं. ओव्हन आत आहे, गॅस तुझ्या नावावर आहे, म्हणजे तू जागा सोडलीस असं छातीठोक कुणी म्हणू शकत नाही. ओव्हन बाहेर पडला की सगळं संपलं. कोर्टातून मनाईहुकूम मागता येईल, अर्ज मी आज तयार करते, पण न्यायाधीश पहिलं विचारणार की आज जागेत कोण आहे. कुलूप तोडायचं नाही, भांडायचं नाही. काका स्वतः दार उघडतील. मग तू म्हणायचं, चालतो की नाही ते पेटवून बघते. पीठ घेऊन जायचं, पाव लावायचा, गिऱ्हाइकाला विकायचा. कशावरही सही करायची नाही. आणि 'जागा सोडली' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

"आणि काकांनी विचारलं तर?"

"म्हणायचं, वहिनीला विचारा."

"हे मला आवडलं," बेबी म्हणाली.

सकाळी काकांनी कुलूप उघडलं. रंगाचा वास अजून गेला नव्हता. भिंती इतक्या पांढऱ्या होत्या की जुना ओव्हन त्यांच्यात पाहुण्यासारखा अवघडून उभा दिसत होता. आधीबाई फाईल छातीशी धरून दारात थांबली. काकांनी तिला पाहिलं आणि चेहरा पाडला.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात, वकीलबाई? घरचं तर काम आहे."

"घरचंच आहे म्हणून आले."

बेबीने पीठ मळायला घेतलं. "काका, पेटवून बघते हं. बिघडलेला निघाला तर नेऊन काय करू?"

हे काकांना पटण्यासारखं होतं. शिवाय त्यांना टोस्ट न मिळून महिना झाला होता. ते स्टुलावर बसले. ओव्हन पेटला. आधीबाईने मोबाईलवर पेटलेल्या ओव्हनचे, पिठाचे, बेबीचे फोटो काढले. काका फोटोत येऊ नयेत म्हणून जरा बाजूला सरकले, आणि मग आणखी जरा.

"तुमच्या छताचं काम छान झालंय, काका," बेबी म्हणाली.

आधीबाईने कपाळाला हात लावला. ज्या छतापायी गाळा जात होता, त्याचं हिने कौतुक चालवलं होतं. तेवढ्यावर थांबेल तर बेबी कसली. "जावईबापूंना म्हणावं, भिंतीला शेल्फ ठोकताना ओल बघा. मोबाईल खराब होतील." म्हणजे ही गाळा देऊनच बसली होती, वर नव्या भाडेकरूला सल्लाही. आधीबाई खोकली. बेबीने तिच्याकडे पाहिलं आणि जीभ चावली.

पहिला ट्रे निघाला तेव्हा गल्लीला वास लागला. शिवणकाम करणारी बाई आली, मग शाळेसमोरचा वह्यावाला. "उघडलीत का पुन्हा? बरं झालं. सांगायचं तरी." आधीबाईने दोघांना पावत्या लिहून दिल्या, तारीख ठळक घातली. पाव नेताना पावती कशाला, असं दोघांच्याही तोंडावर दिसत होतं.

दुपारी काकांची गोळ्यांची वेळ झाली. ते उठले, ओव्हनकडे पाहिलं. तो लालबुंद तापलेला होता. त्याला आता हलवणं शक्य नव्हतं हे त्यांनाही दिसत होतं.

"निवायला किती वेळ लागेल?"

"संध्याकाळ होईल, काका."

"मग मी कशाला ताटकळू?" त्यांनी खिशातून नवी किल्ली काढली आणि बेबीपुढे धरली. "ही घे. आवरलंस की कुलूप लाव आणि घरी आणून दे."

बेबीने पिठाच्या हाताने किल्ली घेतली. काका गेले.

आधीबाई त्या किल्लीकडे पाहत होती. न लिहिता, न विचारता, तोंडी, एका वाक्यात. तिने कितीतरी दुकानदारांना या एका गोष्टीवरून झापलं होतं, आणि काकांना झापायला इथे कुणी नव्हतं.

"त्यांनी दिली कशी?" तिने विचारलं.

"मी दिली होती तशीच," बेबी म्हणाली. "हातातली वस्तू आपल्या माणसाला देताना माणूस एवढं कुठे बघतं?"

"तू ती परत करणार नाहीस."

"हो."

"हो म्हणजे काय?"

"हो म्हणजे ऐकलं, वहिनी."

यावर विश्वास ठेवणं म्हणजे दुधाची राखण मांजराकडे देणं होतं. आधीबाई गेली नाही. तिकडे मंडळाच्या खोलीत तिची सल्ल्याची वेळ सुरू झाली होती आणि चहावाला दोनदा सांगून गेला की केशकर्तनालयवाले साडूला घेऊन आलेत आणि दोघं जिन्यात भांडताहेत. तिने निरोप पाठवला, पुढच्या वेळी या, आणि तोवर कशावरही सही करू नका. सांगतानाच तिला कळत होतं की ते करणार.

संध्याकाळी काकाच आले. ओव्हन अजून ऊन होता. बेबीने दुसऱ्या दिवसासाठी पीठ भिजवून झाकून ठेवलं होतं, ते त्यांना दिसलं. त्यांच्यासाठी टोस्टचा पुडाही बांधून ठेवला होता. त्यांनी तो घेतला आणि सवयीने दुसरा हात पुढे केला.

"किल्ली दे, बाळ."

बेबीचा हात कमरेला खोचलेल्या किल्लीकडे गेला. आधीबाईच्या जिभेवर सगळी कलमं ओळीने उभी राहिली. तिने ओठ इतके घट्ट मिटले की जबडा दुखला.

बेबीचा हात तिथेच राहिला. "काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खाली गेला की जणू तीच माफी मागत होती, "किल्ली राहू दे माझ्याकडे. पहाटे यायचंय. पीठ लावलंय."

काका तसेच उभे राहिले. पुढे केलेला हात कुठे ठेवावा ते त्यांना समजेना. शेवटी त्यांनी तो टोस्टच्या पुड्याखाली धरला.

"हे बरं नाही, बेबी. जावईबापू ऐकायचे नाहीत. कोर्टात जातील."

"जाऊ देत," आधीबाई म्हणाली. तिचा अर्ज तयार होता. कोर्टात वर्षं जातील हेही तिला माहीत होतं, आणि तेवढी वर्षं ही बाई रोज सकाळी या माणसाला टोस्ट पोचवणार हेही.

काका पुडा घेऊन गल्लीत वळले. बेबी दारात उभी राहून पाहत राहिली. किल्ली मुठीत होती, मूठ पिठाने माखलेली.

"वहिनी, त्यांना वाईट वाटलं असेल ना?"

"असेल," आधीबाई म्हणाली. "तू आधी कुलूप लाव."