फुटलेला डोळा आणि माझ्या लाडक्या कुप्या

चांद्याच्या दवाखान्यात मी भूल द्यायचं काम करायचे तेव्हाची गोष्ट. नागपूरहून शिकून येताना मी एका नव्या औषधाच्या कुप्या आणल्या होत्या. सक्सामेथोनियम. शिरेत सोडलं की मिनिटभरात अंगातले सगळे स्नायू ढिले पडत, घशात श्वासाची नळी अलगद जाई आणि पाचेक मिनिटांत असर संपे. मी त्याच्या प्रेमातच होते.

एका सकाळी सिंदेवाहीकडची मासेमारी करणारी एक ढिवरीण छोट्या रुळांच्या आगगाडीनं आली. मासे धरायचा सापळा विणताना बांबूची कामटी उसळून उजव्या डोळ्यात घुसली होती. बुबुळाला चीर होती, पण शिवलं तर डोळा वाचण्यासारखा होता. नवरा सोबत होता, पण त्याला बोलायची संधीच मिळत नव्हती.

"काही खाल्लं का बाई?" मी विचारलं.

"खाल्लं ना! भात अन् मासोळीचा रस्सा. उपाशी काऊन येऊ?"

भरल्या पोटी भूल देताना उलटी श्वासनळीत जायची भीती. म्हणजे नळी झटपट घालायला हवी. मी उत्साहानं कुपी काढली, तोच आमचे वयस्कर डोळ्यांचे डॉक्टर दारातूनच ओरडले, "ठेवा ती परत!"

"का हो?"

"ढिले पडण्याआधी स्नायू काय करतात?"

"थरथरतात."

"डोळ्याभोवतीचे आवळतात. आतला दाब चढतो. धड डोळा ते सोसतो, थोड्या वेळात उतरतो. हा उघडा आहे. आतलं सगळं बाहेर आलं तर मी शिवू काय?"

हे मला कुणीच शिकवलं नव्हतं. राग आला, पण कुपी ठेवली. पोट रिकामं होईपर्यंत थांबायचं आणि स्नायू सावकाश ढिले करणारं, पण दाब न वाढवणारं जुनं औषध, क्युरार, वापरायचं ठरलं. तोवर बाईंनी खोकायचं नाही, रडायचं नाही, ओरडायचं नाही, कारण त्यानंही दाब चढतो. नवऱ्याला हसू आवरेना.

दोन तासांनी तिनं मला गाठलंच. "काऊन वो बाई, डोळा फुटला माहा, पोट त नाई फुटलं. मले भूक लागून राह्यली!"

दुपारी तिला गाढ भूल दिली. नळी घालताना ती खोकली नाही. डॉक्टरांनी बारीक टाके घातले आणि आतलं आतच राहिलं.

काही दिवसांनी पट्टी सोडली. "दिसते का?" नवऱ्यानं विचारलं.

"धुकट दिसते. पण तुह्यी मिशी ओळखू येते!"

पुढच्या आठवड्यात तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेसाठी एक माणूस आला. डोळा धड होता, म्हणून मी माझं औषध दिलं. माझी खात्री पटावी म्हणून डॉक्टरांनी बुबुळावर दाब मोजायचं यंत्र ठेवलं. दाब झपाट्यानं चढला आणि काही मिनिटांत उतरला. मी दोनदा मोजायला लावलं. डॉक्टरांनी न कुरकुरता मोजलं आणि शस्त्रक्रिया आटोपल्यावर दोघांसाठी चहा मागवला.